ब्रह्मगिरीसमोरचा चौकोन

‘भूगोल कक्षातील गोदावरी खोऱ्याच्या प्रतिकृतीवरील ॲक्रिलिकचे झाकण मूळ कारागिरीतील दोषामुळे दुभंगले असून, सदर प्रतिकृती निर्लेखित करण्यात येत आहे.’

देवळाली कॅम्पातल्या शाळेच्या फलकावरची ही सूचना डॉ. संजना गांगुर्डे यांनी दोनदा वाचली. मूळ कारागीर म्हणजे त्यांचे वडील, चित्रकलेचे पुंजाराम सर. सर आता हयात नव्हते. दोष ठेवायला मृत माणसाइतके सोयीचे कोणी नसते. तो खुलासा मागायला येत नाही. सूचना राहिली, तर उद्या सरांचे डोंगर भंगाराच्या टेम्पोत चढणार होते.

संजनाबाईंचे आयुष्य शिलालेख वाचण्यात गेले होते. मूळ अक्षर कोणते आणि मागाहून घुसडलेले कोणते, हे त्यांना छिन्नीच्या कडेवरून कळे. भूगोल कक्षात झाकणाच्या पुढच्या अंगाला जिल्ह्याचा एक नकाशा चिकटवलेला होता. त्यांनी तो अलगद सोडवला. खाली, ब्रह्मगिरीच्या अगदी समोर, तळहाताएवढा चौकोन कापलेला निघाला. सूचनेला त्याची गंधवार्ता नव्हती. तडा मात्र त्याच चौकोनाच्या टोकदार कोपऱ्यातून निघून वरपर्यंत गेला होता. वडिलांनी कापलेल्या बाहेरच्या कडा अजून नितळ होत्या. चौकोनाच्या कडांवर वितळून थिजलेल्या प्लॅस्टिकच्या गुठळ्या होत्या. हात दुसरा होता, काळही दुसरा.

“ताई, शीटच जुनी झाली होती हो,” मागून आवाज आला. रविराज. आता मुख्याध्यापक; एके काळी सरांचा लाडका विद्यार्थी, सूचनेखाली सही त्याचीच.

“आपली लेणी दोन हजार वर्षं उभी आहेत, रविराज. त्यांच्या कारागिरांनाही एकदा नोटीस काढ.” त्यांचा आवाज थंड होता. “सरांचं कापायचं रोटरी टूल कुठंय?”

“प्रयोगशाळेत आहे. पण तुम्ही कशाला उगाच...”

“शीटचा एक तुकडाही आण.”

मुठीत मावणारे ते यंत्र हाती आले, आणि संजनाबाईंचा राग क्षणभर वाट चुकला. पकड सुटू नये म्हणून सरांनी गुंडाळलेली काळी चिकटपट्टी अजून तशीच होती, त्यांच्या अंगठ्याने झिजलेली. ओसरीवरचे ते रविवार आठवले. नव्या शीटवरचा कागद सोलायला त्यांचे आणि रविराजचे, दोघांचेही हात शिवशिवायचे, आणि सर रविराजला म्हणायचे, “चांदवडचा ना तू? कांदाचाळीत ठेवायचा कांदा कोणी सोलून ठेवतं का रे?” कागद शेवटी निघायचा, आणि त्या दिवशी जगात त्या शीटइतके स्वच्छ काहीच नसायचे.

संजनाबाईंनी चष्मा चढवला. कागदावरच चौकोन आखला, शीट टेबलाला आवळली, आणि आधी चारही कोपऱ्यांत गोल भोके पाडली. “कोपऱ्याला टोक ठेवलं की तडा तिथंच जन्माला येतो,” सर म्हणत. मग रेघेलगत लाकडी पट्टी बसवून, यंत्राचा वेग उतरवून, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सावकाश गेल्या. घाई केली की प्लॅस्टिक कापले जात नाही. वितळते आणि पात्यामागे पुन्हा सांधते. इथे किसलेल्या खोबऱ्यासारखा कोरडा, पांढरा कीस पडत होता. वास नाही, गुठळी नाही. चौकोन खाली पडला तेव्हा त्यांनी कागद सोलला आणि कोपऱ्यांवर वळण घेतलेले ते भोक दुभंगलेल्या भोकाशेजारी धरले.

रविराजने दोन्ही भोकांच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवले. मग तो बाहेर गेला, फलकावरची सूचना काढून आणली, आणि तिच्यावर टेबलावरचा कीस गोळा करू लागला. मान वर न करता तो म्हणाला,

“ताई, ते भोक मीच पाडलं. सर झाकण उचलून पोरांचं बोट धरून ब्रह्मगिरीवर टेकवायचे, म्हणायचे, ‘इथनं निघते बघ तुझी गोदावरी.’ नंतर ते झाकण चिकटवून टाकल्यापासून पोरं नुसती नाकं लावून उभी राहतात, म्हणून बोट जाईल एवढी जागा करायला गेलो. कोपऱ्यांत भोकं आधी पाडायची, हे मला चांगलं आठवत होतं. पण सर मागं उभे नव्हते ना, म्हणून म्हटलं, चालतंय.”