रिकाम्या गव्हाणीची पैज

पैज लागली ती फालतूच. पण चारा छावणीत दुसरं करायला व्हतं तरी काय? जनावरं रवंथ करत्यात, माणसं तोंडाची वाफ दवडत्यात.

बाराच्या सालातला दुष्काळ. कडा गावाच्या अलीकडं माळावर दूध सोसायटीनं छावणी टाकलेली. वर हिरवी जाळी, खाली दावणी, पाण्याला टँकर. लोकं जनावरं घेऊन तिथंच राहायला आलते. मी आलतो दोन बैलं घेऊन. मेंढरं आदीच विकून झालती. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागती, पण माझी कंबर धरलेली. मुकादम म्हणला, "सटवा, तू वाकलास तर उठणार न्हाईस, आमालाच उचलावं लागल." मंग बायको सारजा आन् पोरगं, मायलेकाची जोडी करून गेले खाली सांगलीकडं. मी ऱ्हायलो बैलांमागं.

माझ्या शेजारची दावण भिवराबाईची. साठी उलटलेली ख्रिस्ती म्हातारी, आख्ख्या गावात तसलं तिचं एकच घर. ती आली तव्हा छावणीचा कारकून म्हणला, "मावशे, जागा न्हाई." म्हातारी हसायलाच लागली. कारकून चिडला. म्हणली, "तसं न्हाई बाबा. आमच्या देवाच्या आईला, मरियेलाबी, बाळंतपणाच्या राती आसंच सांगितलं व्हतं." शेवटी मुताच्या चारीजवळचा कोपरा दिला तिला. तिथं गव्हाणी दोन आन् तिची गाय एक.

रिकामी गव्हाण ती रोज ओल्या फडक्यानं पुसायची. त्यात मूठभर वाढं, उसाचे हिरवे शेंडे, मांडायची. सांजच्याला तेच वाढं उचलून गायीला. दुसऱ्या दिशी परत पुसणं, परत मांडणं.

समोर आसारामच्या म्हशी. पोट म्हशीवाणी, अक्कलबी तितपतच. त्यानं इच्यारलं, "मावशे, ह्ये कुणासाठी मांडतीस?"

"येणाऱ्यासाठी. नाताळाला कुणीतरी येतंय."

"कोण?"

"याकोब यील की."

याकोब तिचा पोरगा. चाकणला कंपनीत. दोन वर्स त्यानं गावाकडं तोंड दावलं नव्हतं.

"कुणी येत न्हाई बे," मी हळूच म्हणलो.

"येतंय," आसाराम म्हणला. त्येला काय म्हायती नव्हतं. मी न्हाई म्हणलो म्हणून त्यो हो म्हणला.

"लाव पैज."

"लाव."

हारल त्यानं चारा वाटायच्या टायमाला, आख्ख्या छावणीसमोर, त्याच गव्हाणीपुढं गुडघे टेकायचे. हात मागं. तोंडानं वाढं खायचं आन् बैलासारखं हंबरायचं. माणसं गोळा झाली, टाळ्या वाजल्या.

म्हातारी कंबरेवर हात ठिवून म्हणली, "मुडद्यांनो, गव्हाण माझी हाय. कुणी आलं का न्हाई, ह्ये मी ठरविणार."

मला जितायची खात्री व्हती. वाट बघण्यातलं मला कळतं. मोबाईल चार्जिंगला कारकुनाच्या तंबूत ठिवायचा आन् तिथंच खेटून बसायचं. लोकांला वाटायचं, सटवा कायतरी खोडी काढायला टपलाय. मीबी तसंच वाटू द्यायचो. वाट बघतोय म्हणून कळण्यापरीस ते बरं. फोन आला तर सारजा म्हणायची, "बैलं बरी हायत का?" मी म्हणायचो, "बरी हायत." मंग तिकडून मुकादमाचा आवाज, आन् फोन बंद.

दिवसभर मी लोकांला हसवायचो. कुणाच्या म्हशीच्या शेपटीला डबा बांध, कुणाच्या धोतराचा सोगा दाव्याला बांध. हसायची माणसं. मंग आपापल्या चुलीकडं जायची. माझी चूल एकट्याची.

एकदा भाकरी खाताना भिवराबाईला म्हणलो, "मावशे, तुझ्या देवाची गोष्ट सांग. कायतरी मेंढरावाल्यांचं हाय म्हणं त्यात."

ती म्हणली, "हाय की. मूल झालं, गव्हाणीत निजवलं, आन् पहिली खबर पोचली मेंढरं राखणाऱ्यांला."

"त्यांलाच कावून? गावात पाटील नव्हता का?"

"पाटील झोपला आसंल. रानात जागं कोण? जनावरामागचं माणूस. जे जागे व्हते, त्यांला सांगितलं."

"मंग त्यांनी गावात सांगितलं आसंल. लोकांनी मानलं का?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "लोकांला नवल वाटलं, यवढं लिवलंय. मानलं का न्हाई, ते न्हाई लिवलं."

"म्हंजी माझ्यावाणीच, माझंबी कुणी खरं धरत न्हाई," मी म्हणलो. ती हसली. मीबी हसलो. मला झोप लागायची न्हाई हे त्या म्हातारीला म्हायती व्हतं. शेजारीच तर पडायची.

नाताळाच्या आदल्या दिशी आसारामनं डाव टाकला. दुपारचा एक माणूस भिवराबाईच्या दावणीला आला. इस्तरीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात केळाची फणी. "मावशी, म्या याकोबचा दोस्त. त्यानं धाडलंय."

म्हातारीचं तोंड आसं उजळलं की काय सांगू. पदरानं बाज झटकली, गार पाण्याचा तांब्या भरून पुढं केला. "बस बाबा. कसा हाय रं त्यो? जेवतो का येळेवर?"

मी बघितलं, माणसाच्या टाचंला उसाचा चिकट्टा. आमच्या चाऱ्याच्या ट्रकवरचा शहादेव! मीच त्येला मागल्या आठवड्यात खाजकुयली लावलती. मला ऱ्हावलं न्हाई. मी वरडलो, "पाव्हणा कसला, डायवर हाय! आसारामनं धाडलाय!"

छावणी खदखदली. शहादेव केळं टाकून पळाला. आसारामनं तोंड लपवलं. मी कमरेचं दुखणं इसरून नाचलो.

म्हातारी तांब्या धरून उभीच. मंग तिनं त्यातलं पाणी वाया न घालवता गायीपुढं धरलं.

कुणी बघितलं न्हाई. मी बघितलं.

नाताळाला सकाळीच तिनं वाढ्याच्या पात्यांची चांदणी इणून जाळीला टांगली. करंज्या केल्या, डबाभर. इरकल नेसली. गव्हाण दोनदा पुसली. नगरकडून यष्टी आली की ती सडकंकडं बघायची. यष्टी थांबायची, माणसं उतरायची, आपल्या वाटंनं जायची. दुपारी तिच्या मोबाईलवर फोन आला. ती "बरं" म्हणली, "जेव येळेवर" म्हणली आन् ठिवला.

मंग मला म्हणली, "जितलास बाबा. सायबानं सुट्टी न्हाई दिली."

जितल्यावर काय करायचं आसतं? आसाराम तर टोपी काढून, हात मागं घेऊन तयारच. चारा वाटायची घंटी वाजली. माणसं गोळा व्हाया लागली. पोरासोरांनी जागा धरली. "आसाराम, हंबर!" म्हणून वरडा झाला.

मी म्हणलो, "थांबा जरा. आलोच."

माझ्या दावणीला गेलो. टँकरच्या पाण्याचा एक तांब्या पिण्यापुरता ठिवलता, त्यानं पाय धुतले. धुतलेला सदरा घातला. घरनं आणलेल्या गुळाच्या ढेपंचा उरलेला खडा कागदात बांधला. मागल्या अंगानं छावणीबाहेर पडलो, सडकंला गेलो, आन् फाटकातनं आत आलो. मधून चालत. माणसं बाजूला झाली. कुणीतरी म्हणलं, "ह्याची नवी खोडी."

भिवराबाईच्या दावणीपुढं थांबलो. गळा साफ केला.

"घरी हाय का कुणी? नाताळाला आलोय."

आख्खी छावणी हसली. म्हातारी हसली न्हाई. माझ्या ओल्या पायांकडं बघितलं. बाज झटकली. तांब्या भरला. मी दोनी हातानं घेऊन पाणी पेलो. गुळाचा खडा दिला. तिनं करंजी माझ्या हातावर ठिवली.

आसाराम वरडला, "ह्यो कसला पाव्हणा बे? ह्यो तर शेजारचा! आन् त्यो स्वताच्या पैजेत स्वताच हारतोय, येडा!"

भिवराबाई म्हणली, "त्या रातीबी आदी शेजारच्या माळावरचे मेंढरंवालेच आलते. लांबचे आले ते मागून. ह्यो आला. सटवा हारला."

मंग काय. पैज म्हंजी पैज. मी हात मागं घेतले, कंबर धरून गुडघे टेकले. पोरं नाचाया लागली. मी तोंड घातलं गव्हाणीत.

आत दगड ओला. पुसल्याचा वास, उसाच्या पानाचा वास. बाकी काय न्हाई. मूल न्हाई, वासरू न्हाई. सारजा न्हाई, याकोब न्हाई. रिकामी गव्हाण, पण कुणीतरी रोज पुसलेली. वाढ्याचं पातं ओठाला कापलं. मी मोठ्यानं हंबरलो. माझ्या दावणीवरनं माझ्या एका बैलानं उत्तर दिलं, आन् माणसं हसून हसून लोळली.

हसणं थांबलं. चाऱ्याच्या रांगा लागल्या. माणसं निघाली.

आसारामनं माझ्या खांद्याला हात लावला. "झालं बे. ऊठ आता. उचलू का?"

तोंडातलं वाढं कवाच गिळून झालतं. "थांब," मी आतनंच म्हणलो. "अजून चावतोय."