बसून राहिलेला वाद्यवृंद

एन्सिओ हार्युलाने त्या किनाऱ्यावरच्या गावात एकोणीस वर्षं वाद्यवृंद चालवला. डोक्यावरचे केस गेले, खांदा कायमचा दुखायला लागला, पण एक गोष्ट काही त्याच्या वाट्याला आली नाही. ती ऊनाला एका आठवड्यात मिळाली.

ऊना त्याचीच शिष्या. वाद्यवृंदापुढे उभं राहून ताल द्यायची काठी कशी धरायची हे यानेच शिकवलं, आणि पाहुणी म्हणून एक कार्यक्रम चालवायला बोलावली तीही यानेच. गुरुपणाचा मोठेपणा मिरवायचा होता ना, मग घ्या आता.

त्या गुरुवारी शेवटचा सूर विरला, टाळ्या पडल्या, आणि ऊनाने दोन्ही हात वर करून टाळ्यांचा वाटा घ्यायला वादकांना उठायची खूण केली. एक माणूस उठेल तर शपथ! बासष्ट जण खुर्चीला चिकटून बसले आणि रंगमंचाच्या फळ्यांवर धडाधडा पाय आपटायला लागले. वादकांनी द्यायचा सगळ्यात मोठा मान तो हाच. या टाळ्या आमच्या नव्हेत, तुझ्या एकटीच्या, असं त्याचं सांगणं. तो मागून मिळत नाही, आणि मागायचा तर मुळीच नसतो.

चौदाव्या रांगेत एन्सिओच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी त्याची बायको मार्युक्का हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होती.

"हात आखडले का तुझे? वाजव की."

"वाजवतोय."

"गुडघ्यावर?"

घरी आल्यावर सुपाची वाटी समोर ठेवून तो नुसता बसला. "त्या दुसऱ्या क्रमांकाच्या बासरीवाल्यानेसुद्धा पाय आपटले," तो म्हणाला. "माझ्याकडे तर तो धड बघतही नाही."

"तुला नक्की कुठे दुखतंय? पोरीला जमतं हे, की तुझ्यादेखत जमलं हे?"

"मला कुठेही दुखत नाही."

"मग सूप पी. गार करून त्यातला मासा काही जिवंत व्हायचा नाही."

पुढच्या गुरुवारी त्याचा स्वतःचा कार्यक्रम होता. तालमीत कॉफीची सुट्टी झाली तशी त्याने हिल्काला कोपऱ्यात गाठलं. हिल्का पहिल्या खुर्चीवरची व्हायोलिनवाली. ती उठली की सगळे उठणार, ती बसली की सगळे बसणार.

"त्या दिवशी बसून राहिलात ते आधी ठरवून?"

"असलं कोण ठरवतं? पाय आपोआप हलले."

"एकोणीस वर्षांत माझ्यासाठी नाही हलले."

हिल्काने त्याच्याकडे पाहिलं आणि वेलचीच्या पावाची बशी पुढे सरकवली. "पाव खा, एन्सिओ. असं बोललं की माणूस लहान दिसतो."

पावाला त्याने हात लावला नाही. पण गुरुवारी त्याने वाजवून घेतलं, ते मात्र कसं! मत्सराने का होईना, माणूस पेटला होता. बासष्ट जणांना त्याने असं ओढून नेलं, की पेंगणारे म्हातारेही ताठ बसले. टाळ्या पडल्या त्याही खऱ्या, उपकाराच्या नव्हेत.

आता फक्त हात वर करायचे होते. ते होईनात.

हात वर केले आणि नेहमीसारखे सगळे टुणकन उठले, तर? मग उत्तर मिळालं, ते जन्माचं मिळालं. म्हणून त्याने आधी शिंगवाल्याला एकट्याला उठवलं. मग नगारेवाल्याला. मग तो दुसरा बासरीवाला, त्यालाही. आत गेला, बाहेर आला, वाकला, चेलोंना उठवलं. शेवटी हार्पवालीला उठवलं, तिने संध्याकाळभरात अकरा सूर वाजवले होते. ती बिचारी लाजून इकडेतिकडे बघायला लागली.

त्या गावचे लोक टाळ्या वाजवतात मनापासून, पण बाहेर ठेवलेले कोट परत घ्यायच्या रांगेची काळजी त्यांना फार. टाळ्या विरळ झाल्या. पुढच्या रांगेतला एक जण तेवढा नेटाने वाजवत राहिला, मग तोही खुर्चीखाली हातमोजे शोधायला लागला. सभागृह गप्प झालं.

उठवलेलेही परत खाली बसले होते, आणि एन्सिओसमोर बासष्ट माणसं बसून होती. उठायची खूणच झाली नव्हती, उठणार कशी? पाय एकाचाही हलला नाही.

आत हिल्का व्हायोलिनच्या गजाचे केस सैल करत होती. "आज काय संचारलं होतं तुझ्यात? वाजवून घेतलंस एखाद्या देवासारखं, आणि वाकत सुटलास खुळ्यासारखा."

"हिल्का, मी वेळेवर हात वर केले असते तर तुम्ही उठला असतात?"

तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या, मग म्हणाली, "आता कसं सांगू? तू खूण केलीच नाहीस."

ती खोटं बोलणारी बाई नव्हती, हीच पंचाईत. एन्सिओने पुढे होऊन, तिला घालता यावा म्हणून, तिचा कोट धरला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

"हे नको करूस," बाहीत हात घालता घालता हिल्का म्हणाली. "लाच दिल्यासारखं वाटतं."