मधल्या खाजणातली बंदी

अरविंदचं जाळं जाळायचं ठरलं, त्या दुपारी गंगूने नवऱ्यावर पहिल्यांदा आवाज चढवला.

"लहान भाऊ हाय तो तुमचा. घरात बोलवून दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. चारचौघांत कशाला?"

रोहिदास उंबऱ्यावर बसून पायाचा चिखल खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, "आज भावाला सोडला, तर उद्या कोनाला अडवू?"

गंगूचा संताप आणखीच वाढला. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा अरविंद शाळेतही जायला लागला नव्हता. सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला न्हाऊ घालणं, तापात उशाशी बसणं, पुढे त्याच्यासाठी मुलगी बघणं, सगळं गंगूनेच केलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही, पण त्याची रुखरुख अरविंदमुळे तिला कधी फार लागली नाही.

नेरूळच्या बाजूच्या त्यांच्या कोळीवाड्यामागे खाडीचा एक फाटा तिवरांच्या रानात शिरतो. गावात त्याला मधलं खाजण म्हणतात. पावसाळ्यात जिताड्याची पिल्लं तिथल्या उथळ पाण्यात वाढतात. पूर्वी तिकडे कुणी फिरकत नसे, कारण खाडीच्या तोंडाशीच पोटापुरती मोठी मासळी मिळायची. मग खाडीत पुलांचे खांब आले, बाहेरच्या दर्यात मोठ्या बोटी वाढल्या, आणि पाणीसुद्धा पूर्वीचं राहिलं नाही. पाऊस उशिरा यायचा, आला की एकदम कोसळायचा. मासळीच्या यायच्या वेळा चुकू लागल्या. होड्या रिकाम्या परतायला लागल्या तशी माणसं बारीक आसाची, पिल्लूही निसटणार नाही अशी जाळी घेऊन खाजणात उतरली. बोटाएवढी पिल्लं शिरवण्याच्या बाजारात वाट्याने विकायला आली.

हे थांबवलं पाहिजे, असं आधी राजेश्वरी म्हणाली. ती वाशीच्या एका कॉलेजात शिकवायची आणि खाडीचं पाणी तपासायला कोळीवाड्यात येत असे. खाजण दोन वर्षं बंद ठेवलं तर मासा परत येईल, असा तिचा हिशेब होता. रोहिदास मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याने तो हिशेब सभेत आपल्या भाषेत मांडला.

"आज वाट्यात विकतो ते पिल्लू दोन वर्सांनी टोपलीत मावनार नाय. पन एकट्यानं थांबून भागत नाय. मी सोडलेलं पिल्लू शेजारी पकडनार असंल, तर मी येडाच ठरलो. थांबायचं तर सगळ्यांनी."

सगळ्यांनी हात वर केले. अरविंदनेही केला. बंदी मोडेल त्याचं जाळं गावदेवीसमोर जाळायचं, असं ठरलं. आणि पहिल्याच पावसाळ्यात, पहाटेच्या भरतीला, खाजणात सापडला तो अरविंदच. त्याला पकडलं खुद्द रोहिदासने.

देवळासमोर गाव जमलं. अरविंद मान खाली घालून उभा राहील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो ताठ उभा होता.

"होडी रोज रिकामी आली, म्हनून उतरलो," तो म्हणाला. "भाएर मोठ्या बोटी पिलांसकट सगळं वरबाडतात. त्यांचं जाळं कोन जाळतं, दादा?"

रोहिदास पुढे झाला. त्याने रॉकेल ओतलं आणि काडी लावली. नायलॉनचं जाळं, त्याची राख होत नाही. ते वितळून आकसलं आणि त्याचे काळे गोळे झाले. ते जाळं फाटलं की गंगूच तुणत असे. त्यातल्या कितीतरी गाठी तिच्या हाताच्या होत्या. अरविंदची बायको गोजरा तिच्याशेजारी उभी होती. तिने गंगूचा हात धरला होता. आग विझायच्या आधीच तिने तो सोडला.

आठवडाभरात दोघं जासईला गेली. तिथे गोजराचं माहेर. जवळच्या कंटेनर यार्डात अरविंदला गेटवर नोकरी लागली. आलेल्या गाड्यांचं सील बघायचं आणि फाटक उघडायचं. गंगू फोन करायची. तो "बरा हाय वयनी" म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. रोहिदासचं नाव दोघंही काढत नसत.

भावाला सोडलं नाही म्हटल्यावर बंदी मोडायची कुणाची हिंमत झाली नाही. लोकांनी कळ काढली. कुणाची बायको आसपासच्या इमारतींमध्ये धुणीभांडी करायला लागली, कुणी रिक्षा धरली. रोहिदास समोर दिसला की काही जण रस्ता बदलायचे. गंगू मार्केटमधून बर्फातली मासळी आणून विकायची आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलायची.

दुसरा पावसाळा सरला, थंडी सरत आली, आणि एका सकाळी रोहिदास अनवाणीच धावत घरी आला.

"जिताडा! खाजणाच्या तोंडाशी उडाला. एक नाय, गंगू, कितीतरी हायत. हे एवढाले!"

त्याने हात पसरले. त्याचा चेहरा असा उजळलेला तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मग हात खाली आले आणि तो हळूच म्हणाला, "अरविंदाला सांगाया पायजे."

येत्या पावसाळ्यात मासा अंडी टाकून झाला की खाजण उघडायचं, मोठ्या आसाच्या जाळ्याने धरायचं, आणि घरागणिक सारखा वाटा, असं सभेत ठरलं. अरविंदचा वाटा राहील, हे रोहिदासने सगळ्यांसमोर सांगितलं. गंगू बस पकडून जासईला गेली. यार्डाच्या गेटवर निळ्या गणवेशात अरविंद तिला एकदम परका वाटला. तिने सगळं सांगितलं.

"मासा आला?" त्याने विचारलं. "खरंच?"

"मी डोळ्यांनी बघितला रे."

त्याने थांबलेल्या गाडीचं सील बघून फाटक उघडलं. मग म्हणाला, "दर्याला नारळ सोडायच्या टायमाला येईन."

त्याला त्याच्या आधीच यावं लागलं.

त्या वर्षी मे महिन्यात गरमीने कहर केला. वळीव झाला नाही. आभाळ भरून यायचं आणि तसंच विरायचं. भांगाचे दिवस होते, भरती-ओहोटीला जोर नव्हता, वारा पडलेला. खाजणातलं पाणी एका जागी उभं राहून तापत गेलं. एका सकाळी आरडाओरडा ऐकून गंगू धावली, तेव्हा रोहिदास छातीभर पाण्यात उभा होता. त्याच्या चहूबाजूंनी जिताडे वर येऊन तोंडं उघडत होते. तो एकेकाला हातांनी खोल पाण्याकडे ढकलत होता, आणि मासा पुन्हा वळून वरच येत होता.

राजेश्वरीने फोनवर पाणी ढवळायला सांगितलं. माणसांनी होड्या आणल्या, इंजिनं लावून गोल गोल फिरवल्या, वल्ह्यांनी पाणी बडवलं. जी माणसं रोहिदासशी बोलत नव्हती तीही उतरली. ऊन चढेपर्यंत सगळं संपलं. तिवरांच्या मुळांपासून खाडीपर्यंत पांढरी पोटं पसरली. मेलेल्या मासळीचा काही भरवसा नाही, विकायची कशी? एका बाईने एक मासा चिरला. आत अंड्यांची गाबोळी भरलेली होती. दुसरा चिरला, त्यातही तेच. मग कुणी चिरला नाही.

दुपारी राजेश्वरी आली. चिखलातच बसून राहिली. "पाणी इतकं तापलं, की त्यात श्वास घेण्याजोगं काही उरलं नाही," ती म्हणाली. "माझ्या हिशेबात हे नव्हतं, काका."

रोहिदासने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

खड्डे खणायला सुरुवात झाली तेव्हा अरविंद आला. कुणीतरी त्याला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. त्याने बूट काढले, गणवेशाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भावाच्या शेजारी फावडं घेतलं. दोघं भाऊ संध्याकाळपर्यंत मासे पुरत होते. पाटी भरली की एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, अशी उचलत होते.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या शेडमध्ये सभा भरली. बंदी उठवायची, एवढाच विषय. अरविंद उठला.

"तू आता मेंबर नाय," कुणीतरी म्हणालं.

"नाय तर नाय. पन माजं जाळं या बंदीपायी गेलं, माजं घर गेलं. म्हनून बोलतो." तो सभेकडे वळला. "मासा बंदीनं आला. तुमी सगळ्यांनी बघितला. मेला तो उन्हानं. उन्हाचा राग बंदीवर काढू नका."

मग म्हातारे आप्पा उठले. ते रोहिदासच्या वडिलांसोबत दर्यावर जायचे.

"पोरा, तू खोटं नाय बोलत," ते म्हणाले. "पन पुढच्या साली बी ऊन पडनारच. राखलेला मासा असाच मरनार असंल, तर मानसानं पोट मारून राखायचं कोनासाठी? आज घावला तेवढाच आपला."

हात वर गेले. जवळजवळ सगळेच. रोहिदासने बाजूने नाही, विरुद्धही नाही, हात मांडीवरच ठेवले. सभा संपल्यावर त्याने ऑफिसची किल्ली खुर्चीवर ठेवली आणि निघाला.

घरी गंगूने ताटं वाढली. जेवण कुणालाच गेलं नाही. रोहिदास एकदम म्हणाला, "अरविंदा, तुजं जाळं जाळलं त्या दिवशी..."

"राहू दे, दादा," अरविंद म्हणाला. "तू बरोबर होतास."

गंगू उठून मोरीपाशी गेली. रोहिदास चुकला असता तर तिला दोघांसाठीही सोपं गेलं असतं. चुकलेल्या माणसाला माफ करता येतं. बरोबर असून ज्याचं सगळं गेलं, त्याला काय म्हणायचं, हे तिला कळेना. तिने नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात काय रडायचं ते रडून घेतलं.

जून लागला, पाऊस आला, आणि बारीक आसाची जाळी घेऊन होड्या खाजणात शिरल्या. रोहिदासची होडी काठावरच राहिली. श्रावणात त्याने ती विकली. अरविंदने यार्डात शब्द टाकला होता. रोहिदासला निळा गणवेश मिळाला, खांद्यांत जरा घट्ट. आता दोघं भाऊ एकाच गेटवर असतात. गंगू सकाळी दोघांचा डबा रोहिदासबरोबर देते आणि मग टोपली घेऊन शिरवण्याला जाते.

परवा तिने डब्यात मार्केटमधून आणलेल्या बर्फातल्या जिताड्याचं कालवण दिलं. संध्याकाळी रोहिदास परतला, डबा ओट्यावर ठेवून म्हणाला, "अरविंद इचारत होता, मासा कुटचा?"

"मग काय सांगितलं?"

"आंध्राकडचा. तलावात पोसलेला."

"गोड लागला का त्याला?"

"खाल्ला," रोहिदास म्हणाला, आणि गणवेशाची बटणं सोडत आत गेला.