आत्याचा होकार

पक्षाघाताने आत्याची वाचा गेली, तेव्हा तिच्या वतीने निर्णय घ्यायला कोर्टाने एक पालक-अधिकारी नेमला. तेव्हा ते योग्यच होतं. पुढे आत्या बोलू लागली; इतकी, की त्या अधिकारी साहेबांनी तिला ज्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं, तिथल्या नर्स कानात घालायला कापूस शोधू लागल्या. साहेब मात्र तिच्या वतीने बोलतच राहिले.

तिला घरी जायचं होतं. आणि साहेबांनी तिचं घर भाड्याने द्यायला काढलंय, हे आम्हाला कळलं तेही शेजारणीकडून. तिला तशीच टॅक्सीत बसवून मी त्यांचं ऑफिस गाठलं.

साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्यांची तब्येत कशी आहे?"

"त्यांनाच विचारा. समोर बसल्यात."

"मला घरी जायचंय," आत्या म्हणाली.

"हे बघा," साहेब पुन्हा मलाच, "एकंदर विचार करता, त्यांना घरी जायचं नाहीये."

"अरे मेल्या, मी आत्ता काय म्हटलं?"

"बाई, मध्ये बोलू नका. मी तुमचीच बाजू मांडतोय."

आत्याने उभा जन्म शिवणकाम केलं. गिऱ्हाइकाने पोट आत ओढलं तरी खरं माप घेणारी बाई. तिने साहेबांना नखशिखान्त मोजलं.

"मला कधी भेटलात हो तुम्ही?"

"गरज पडली नाही. फाइल आहे ना."

"ही नेमणूक रद्द कशी होते?" मी विचारलं.

"सोपं आहे. त्यांनी अर्ज करायचा."

"करते की!"

"तुम्हाला नाही करता येणार. तुमच्या वतीने मी करणार."

"मग करा."

"मला आवश्यकता वाटत नाही."

माझं डोकंच फिरलं. हा माणूस लाचखाऊ असता तरी चाललं असतं. लाचखाऊला निदान कळतं आपण कुणाचं खातोय. याने तिचा होकारही गिळला, नकारही, आणि वर ढेकर सेवेचा!

तेवढ्यात नवा भाडेकरू दारात आला. साहेबांनी घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आत्याचा उजवा हात अजून लुळाच. डाव्या हाताने तिने किल्ली झपकन उचलली आणि उठली.

"अहो, ही चोरी आहे!" साहेब पहिल्यांदाच तिच्याकडे बघून ओरडले.

"हो ना! माझीच किल्ली चोरीला गेलीय. करा माझ्या वतीने तक्रार."

भाडेकरू खो खो हसला. "राहू द्या साहेब, मी दुसरं घर बघतो," म्हणत आमच्या आधी जिना उतरला. मागे साहेब खरंच फोनवर सांगत होते, "हो, ज्यांची चोरी झाली त्यांच्याच वतीने बोलतोय... नाही, त्यांच्याशी बोलता येणार नाही."

"कुठे जायचं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, तशी आत्याने डोळे वटारले. पत्ता तिने स्वतः सांगितला.