पहिल्या घराचा मान

श्रावणातलं ऊन. हळदओलं, चंचल, क्षणात उजळणारं आणि क्षणात विझणारं. माडांच्या झावळ्यांतून निथळणारं, रेतीवर सांडणारं, आणि सांडतं न सांडतं तोच ढगांनी पुसून नेलेलं. त्या उन्हाखाली चतुर्दशीचा दर्या. फेनशुभ्र, मेघश्यामल, बेचैन. येत होता, जात होता, पुन्हा येत होता. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं.

एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे पदराच्या काठाएवढी चिंचोळी वेळणेवाडी. किनाऱ्याचे माड पाण्याकडे कललेले, मुळं उघडी पडलेली, तरी शेंड्याला नारळ धरून उभे. मरणाच्या दारातही संसार सुटत नाही, हे काय फक्त माणसाचंच आहे!

त्या माडांमागं कालिंदी मेतरचं घर. लाल चिऱ्यांचं, नळ्यांच्या छपराचं, पुढं शेणानं सारवलेल्या अंगणाचं, म्हणजे खळ्याचं. आणि खळ्याच्या पुढं आता काहीच नव्हतं. गेल्या श्रावणात तिथं द्वारका गिरकरचं घर होतं. यंदाच्या आषाढातल्या उधाणानं एका दुपारी ते भुईसकट उचलून नेलं, आणि कालिंदीला ओसरीतून सबंध समुद्र दिसू लागला.

कालिंदी सकाळपासून सैरभैर होती. बसली, उठली, पुन्हा बसली. चुलीवर आधण ठेवलं, उतरवलं. झाडलेलं खळं परत झाडलं. वयानं वाकलेली पाठ, पण पायाला भिंगरी. आज कोण येणार ते तिला माहीत होतं, आणि ते येऊ नयेत म्हणून तिनं देवापुढं दिवा लावून ठेवला होता.

वाडीची रीत जुनी होती. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ द्यायचा तो समुद्राकडच्या पहिल्या घरानं. त्या घरातल्या थोरल्यानं गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी मागं उभं राहून हुंकार भरायचा. तो नारळ पाण्यात पडेपर्यंत वाडीची एकही होडी वल्हं मारत नसे. हा मान पिढ्यान्‌पिढ्या सारंगांचा. सागरसन्मुख घर सारंगांचं, समुद्राचा पहिला वारा सारंगांचा, आणि मिशीला पीळ द्यायचा हक्कही सारंगांचाच.

मग दर्यानं सारंगांचं घर घेतलं, आणि मान मागच्या पराडकरांकडे आला. पराडकरांचं गेलं, तो गिरकरांकडे आला. समुद्राच्या पुढं एक पाऊल राखत मान आत आत चालत आला. आज ज्या दारी मान, उद्या त्या दारी पाणी. रीत तीच होती, नारळही तसाच सोनेरी कागदातला. पण मान घ्यायला आता कुणी हात पुढं करत नव्हतं.

दुपार कलताना ते आले. पुढं पुनाजी सारंग, वाडीतलं सर्वांत जुनं माणूस. खाडीपलीकडे पुतण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा, पण चालणं अजून मानकऱ्याचं. मागं द्वारका, पदराखाली नारळ. ज्याचं घर गेलं त्यानंच नारळ पुढच्या घरी पोचवायचा, अशीही एक रीत आता पडून गेली होती. रिती पडायला काय लागतं? दुःख दोनदा एकाच वाटेनं गेलं, की पडली रीत.

"वयनी," पुनाजी ओसरीच्या कडेला बसत म्हणाला, "ह्या वर्साचो मान मेतरांच्या घराक इलो."

 कालिंदीनं नारळाकडे पाहिलं नाही, द्वारकेकडे पाहिलं नाही. ती खांबाला धरून उभी राहिली.

"गो, माकाय असाच वाटला होता," द्वारका हळूच म्हणाली. "पण मानाचो नारळ पडल्याशिवाय होडी जावची नाय. पोरां वाट बघतत."

नारळ ओसरीवर ठेवला गेला. आणि तिघं म्हातारी माणसं समुद्राकडे तोंड करून बसली. बोलायचं एक होतं आणि ओठांवर भलतंच आलं. म्हाताऱ्यांचं हे असंच. आजचं बोलवत नाही, म्हणून कालचं निघतं.

केवढी रुंद होती ही वाडी! भरदुपारी दर्या दिसायचासुद्धा नाही, नुसता ऐकू यायचा. पोरं तापलेल्या रेतीतून पाण्याकडे धावत सुटायची, पाय भाजले की सुरूच्या सावलीत उड्या मारायची, पुन्हा धावायची. खळ्याखळ्यांतून बांगडे वाळत असायचे, रुपेरी, खारट, ओळीओळीनं मांडलेले. रापणीची, काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, हाक आली की जेवती ताटं ठेवून माणसं दोराला लागायची. एका दोराला सारंग, दुसऱ्याला पराडकर, मधे कोण लहान कोण मोठं विचारायचं नाही. सांजेला जाळं रेतीवर यायचं, फडफडतं, तळपतं, जिवंत. आणि सगळी वाडी आरडत असायची.

द्वारकेनं आपल्या लग्नाची वरात सांगितली. वरात म्हणे सबंध गल्ली फिरून आली, कारण गल्लीला वळणं फार. आधी सारंगांचं कुंपण, मग पराडकरांचं खळं, मग गिरकरांचा कोपरा. कुणाच्या खळ्यातून आडवं जायचं नाही, हा वाडीचा कडक नेम. एकदा एक रेडा आडवा गेला तर त्याच्या मालकानं माफी मागितली होती. तिघंही हसली. हसता हसता पुनाजीला ठसका लागला, आणि तो ठसका बराच वेळ थांबला नाही.

कालिंदीला मात्र वेगळंच आठवत होतं. तिचा नवरा लवू. मानासाठी झुरलेला, मानासाठी जळलेला लवू. दरसाल मागच्या रांगेत उभा राहून तो पुनाजीची पाठ बघायचा. एका वर्षी त्याला राहवलं नाही. गाऱ्हाणं संपायच्या आधीच त्यानं मागून आपला नारळ भिरकावला, आणि तो सारंगांच्या नारळाआधी पाण्यात पडला. वाडी हादरली. त्या सबंध हंगामात त्याला रापणीच्या दोराला हात लावू दिला नाही. जाळं ओढलं जायचं आणि हा धट्टाकट्टा माणूस हात बांधून रेतीत बसायचा. मरेपर्यंत म्हणत होता, एकदा तरी तो मान मेतरांच्या दारात येऊ दे.

आला होता. चालत आला होता. देवानं ऐकलं होतं, पण उशिरा ऐकलं आणि उलटं ऐकलं. कालिंदीला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. तिला भीती वाटत होती, सरळ, साधी, पोटातली भीती. नारळ हातात घेतला की तिचं घर पहिलं होणार होतं. आणि पहिल्या घराचं काय होतं, ते सांगायला द्वारका समोरच बसली होती.

"नारळ ठेवन जावा," ती शेवटी म्हणाली. "पण मी अजून होय म्हणूक नाय."

ती रात्र तिनं कूस बदलत काढली. पौर्णिमेच्या दुपारी भरती खळ्याच्या कडेपर्यंत आली, शेणाचं सारवण चाटून गेली. जिथं चाटलं तिथं खालची पांढरी रेती उघडी पडली. कालिंदीनं तिथं पुन्हा सारवलं. पोतेरं थांबलं नाही.

मग संध्याकाळ आली. केशरी, ओलसर, वाऱ्यानं विस्कटलेली. पुनवेचं पाणी जितकं चढतं तितकंच ओसरतं. समुद्र दूर दूर मागं गेला होता. ओहोटीच्या त्या ओल्या, आरस्पानी पटावर आभाळ उतरलं होतं. वाडी नटूनथटून जमली. होड्यांना झेंडूच्या माळा, पुढच्या टोकाच्या नाळेला गुलाल, पोरांच्या अंगावर नवे सदरे. सगळ्यांच्या नजरा एका दाराकडे.

कालिंदी बाहेर आली. हिरवं लुगडं, कुंकू पुसलेलं कपाळ, हातात सोनेरी नारळ. खळ्याच्या कडेशी येऊन उभी राहिली. हीच ती जागा. इथून नारळ सोडायचा, इथून गाऱ्हाणं घालायचं, इथून म्हणायचं की दर्यादेवा, मी पहिली. तिनं तोंड उघडलं. शब्द फुटेना.

तिला मान नको होता असं नाही. लवूची बायको होती ती. मान तिलाही गोड होता. पण हा मान घेणं म्हणजे पुढची सगळी घरं नव्हतीच असं म्हणणं. सारंग नव्हते, पराडकर नव्हते, गिरकर नव्हते. तिच्या जिभेला ते खोटं उचलवेना.

ती पुनाजीकडे वळली. "भावजी, तुमचा घर खय होता, आठवता मा?"

"आठवता?" म्हातारा दुखावला. "डोळे मिटून जायन."

"मगे चला. नारळ थयसून सोडूया."

"अगो, थय पाणी आसा!" द्वारका ओरडली.

"पाणी काल इला," कालिंदी म्हणाली. "खाली भुंय आपलीच आसा. माझा घर पयला नाय, द्वारके. कधीच नव्हता."

आणि ती खळ्यावरून उतरली. ओल्या रेतीत, मग घोट्याएवढ्या पाण्यात, मग पोटऱ्यांएवढ्या. मागून पुनाजी, मागून द्वारका, मागून एकेक करून वाडीतली सगळी जुनी माणसं. काठ्या टेकत, लुगडी खोचत, धोतरं सावरत. तरुण पोरं काठावर थिजून बघत राहिली. कारण म्हातारी माणसं समुद्रात सरळ चालत नव्हती. मोकळ्या, अफाट, निराकार पाण्यात ती वळत होती.

"द्वारके, आडवी जाव नको गो! ता पराडकारांचा खळा. वळसो घाल," पुनाजी मागं वळून म्हणाला.

द्वारकेनं वळसा घातला. पुनाजीनं एका जागी धोतर उचललं, पाय वर घेतला, पाण्याखालची नसलेली पायरी चढला. वाकला, कारण त्याच्या दाराची चौकट बुटकी होती. आणि मांडीभर पाण्यात उभा राहून म्हणाला, "हय."

कालिंदीनं नारळ त्याच्या हातात दिला. पुनाजीनं तो कपाळाला लावला.

"बा दर्यादेवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्यो नारळ सारंगांच्या घरासून तुका देतंव. आमच्या पाठसून पराडकार आसत."

"होय म्हाराजा!"

"तेंच्या पाठसून गिरकार. गिरकारांच्या पाठसून मेतर. आमी सगळी आपापल्या घराक आसंव म्हाराजा. तूय आपल्या घराक रव!"

"होय म्हाराजा!"

हुंकार पाण्यावरून काठापर्यंत गेला, आणि काठावरच्या पोरांनीही तो उचलला. नारळ पाण्यात पडला. होड्या सुटल्या. ढोल वाजले, गुलाल उडाला, वल्ह्यांनी केशरी पाणी कापलं. कालिंदीच्या छातीवरचं ओझं उतरलं. आषाढानंतर पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास आला.

खाडीकडून चंद्र वर आला, पिवळा, गरगरीत, घरांच्या नळ्यांवरून डोकावणारा. ओहोटी सरली होती. पाणी फिरलं. माणसं परतू लागली, पुन्हा वळणावळणानं, पुन्हा गल्ली धरून. पुनाजी मात्र हलला नाही.

"भावजी, चला."

"तुमी व्हा फुडे," तो शांतपणे म्हणाला. "मी आता खय येव? घराक तर पोचलंय."

त्याच्या कमरेशी पाणी आलं होतं. चेहऱ्यावर चांदणं होतं, आणि त्या चांदण्यात एवढं समाधान होतं की कालिंदी दोन पावलं त्याच्याकडे परतली. ओढून नेलं तर हा यायचा नाही. रडून सांगितलं तर ऐकायचा नाही. मानकऱ्याला फक्त मान कळतो.

"घराक इलेल्या माणसाक बस तरी म्हणतत, भावजी. काय सारंगांची रीत बुडाली?"

म्हातारा गडबडला. "नाय नाय. बसा वयनी. बसा."

"बसलंय," कालिंदी उभ्या उभ्या म्हणाली. ओठांवरचं खारं पाणी डोळ्यांतलं होतं की खालचं, तिचं तिलाच कळेना. "पोटभर बसलंय. आता तुमी माझ्या घराक चला. च्या ठेवतंय. बोलावल्यावर नाय म्हणतत काय?"

पुनाजीनं मागं वळून आपल्या घराकडे पाहिलं. दार ओढून घेतल्यासारखा हात केला. मग तिचा हात धरून तो पायरी उतरला, आणि दोघं गल्लीनं निघाली. जलमग्न, जनशून्य, तरी पावलांना पाठ असलेल्या गल्लीनं.

घरी पोचल्यावर कालिंदीनं त्याला ओसरीवर बसवलं, चुलीत फुंकर मारली, आधण ठेवलं. मग ती खांबाशी आली आणि तिनं सहज बाहेर नजर टाकली.

भरती येत होती. चांदणं पाठीवर घेऊन, हलकेच, दबकत. इतकी वर्षं तिनं या दर्याला बघितलं होतं. तो आडवा यायचा, आंधळा यायचा, कुणाच्या खळ्यातून कुठंही घुसायचा. आणि आज त्यांनीच त्याला एकेका घराचं नाव सांगितलं होतं, वाट चालून दाखवली होती.

पाणी सारंगांच्या दारापाशी थबकलं. पराडकरांच्या खळ्यापर्यंत आलं. सरळ आलं नाही. तिथं कोपऱ्यावर, चांदण्यात, हळूच, सावकाश, ते वळलं.