सूर्याला ठेका देणारा जनरेटर

मित्रांनो, विद्यापीठाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला मी एक जुना जनरेटर आहे. माझा आवाज ऐकलात तर आधी कानांत बोटं घालाल आणि मग मला नावं ठेवाल. ठेवा बापडे, मला सवय आहे.

एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले, अंगावर पिवळा रंग चढला आणि क्रेनने मला इथे आणून बसवलं. तेव्हा वीज वरचेवर जायची. मग मला सांभाळणारे मेकॅनिक, ज्यांना सगळे तात्या म्हणत, चावी फिरवायचे. मी खोकायचो, धूर सोडायचो आणि ग्रंथालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दिवे लागायचे. मुलं टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, हा सगळा डोलारा माझ्याच खांद्यावर उभा आहे.

पुढे इमारतींच्या छतांवर सोलर पॅनेल आली. ना आवाज, ना धूर, ना डिझेलचा वास. मी नाक मुरडलं. नुसतं उन्हात लोळून कुठे वीज होते? पण झाली की! माझ्याकडे कुणी फिरकेना. गरज सरो, वैद्य मरो. टाकीच्या तळाशी थोडं डिझेल उरलं होतं आणि एक भंगारवाला मला न्याहाळून गेला होता.

अशातच एका दुपारी बाहेरची मोठी लाईन तुटली. ऊन मी म्हणत होतं, तरी पॅनेलही गप्प झाली. तात्या म्हणाले, बिघडलीत. मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगतो, जरा बरंच वाटलं. पण विद्यापीठाच्या इंजिनीअर ताईंनी समजावलं, की लाईन गेली की पॅनेल आपणहून थांबतात, तारा जोडणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून. शिवाय त्यांना एकट्याने चालता येत नाही, तबलजीसारखा विजेचा ठेका कुणीतरी धरावा लागतो; एरवी तो बाहेरची लाईन धरते.

तेवढ्यात मासेबाई धावत आल्या. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या काचेच्या टाक्यांत नखाएवढे मासे होते. ज्या ओढ्यातून ते आणले तो केव्हाच आटला होता आणि त्या जातीचे मासे आता तेवढेच उरले होते. हवेचे पंप बंद पडल्यामुळे ते पाण्यावर तोंड काढून तडफडत होते.

"ताई, काहीही करा, पण माझे पंप चालू करा," मासेबाई म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते.

ताईंनी विद्यापीठ बाहेरच्या लाईनपासून तोडलं आणि मला चालू करायला सांगितलं. तात्यांनी माझ्या टाकीत डोकावून मान हलवली. एवढ्याशा डिझेलवर हा किती ओढणार?

"त्याने ओढायचं नाही, तात्या," ताई म्हणाल्या. "त्याने नुसता ठेका धरायचा. ओढायला सूर्य आहे."

माझी बॅटरी केव्हाच उतरली होती, म्हणून तात्यांनी एका जीपची बॅटरी आणून जोडली. मी खोकलो, थरथरलो आणि घुमू लागलो. त्यानंतर जे घडलं ते आठवलं की आजही माझे नटबोल्ट शहारतात. माझ्या अंगावरचा भार कुणीतरी अलगद उचलू लागलं. छतामागून छत माझ्या तालात आलं. केवढ्या लांबून आलेलं ते ऊन, पण माझ्या शेजारी खांदा लावून उभं राहिलं! पंप चालले, पंखे फिरले, आणि मी मात्र नुसता गुणगुणत होतो. एवढी ताकद, आणि जराही गाजावाजा नाही. मी थक्क झालो.

आणि तेव्हाच ढग आला. सगळा भार धाडकन माझ्यावर पडला. माझा श्वास कोंडला. मी थांबलो असतो तर ठेका गेला असता, आणि ढग सरला तरी पॅनेल जागी झाली नसती. ताईंनी फोनवर फोन लावले. असाल तिथलं बटण बंद करा, मासे गुदमरतायत, एवढाच निरोप. तो तोंडोतोंडी धावत सुटला.

मला खोल्या दिसत नाहीत, पण भार कळतो. आधी एक मोठं ओझं उतरलं. तो कुलगुरूंचा एसी होता, हे मागाहून समजलं. मग लिफ्ट थांबली. मग वर्गावर्गांतले पंखे थांबू लागले. वसतिगृहात लपवलेल्या शेगड्यासुद्धा बंद झाल्या, ज्या मुळात तिथे असायलाच नको होत्या. शेवटी उरले फक्त माशांचे पंप. अख्खं विद्यापीठ घामाने निथळत बसलं होतं, नखाएवढ्या जिवांना श्वास मिळावा म्हणून. मी लोखंडाचा खरा, पण मला गहिवरून आलं.

ढग सरला. संध्याकाळी लाईन जोडली गेली आणि तात्यांनी मला बंद केलं. मासेबाईंनी येऊन माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला, चटका बसला, तरी त्या हसल्या. "सगळे जगले," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला ठेवायचं की भंगारात द्यायचं, ते मोठी माणसं ठरवतील. ठेवलंत तरी क्वचितच हाक मारा. माझा धूर बरा नाही, हे माझं मलाच ठाऊक आहे. माझं मागणं वेगळं आहे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, तर बटण बंद करा. तुम्ही म्हणाल, एका पंख्याने काय होतंय? माझ्या पाठीला विचारा. त्या दुपारी तिला एकेक पंखा कळला होता.