थोरलीची खाली मान

सकाळी दुकान उघडलं, की टेलरमास्तरांची थोरली मशिनवर बसे आणि दुपारपर्यंत मान वर करत नसे. गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तर, पोरगी अगदी गरीब गाय हो तुमची!" मास्तर हसत. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. बरगड्यांखालून उठलेली कळ पाठीपर्यंत गेली, की थोरलीला पुढं वाकल्यावरच जरा बरं वाटे.

आठव्या वर्षापासून हे दुखणं होतं. घरात त्याला 'पित्त' म्हणत. एके दिवशी ती दुकानातच उलट्या करत कोसळली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या.

"पित्ताची आणि स्वादुपिंडाची, या दोन्ही नळ्या आतड्याच्या तोंडाशी जुळायला हव्यात. हिच्या फार अलीकडे जुळल्यात. त्यामुळे स्वादुपिंडाचा रस उलटा चढतो, पित्ताची नळी फुगते आणि स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज येते. जन्मापासूनच आहे हे. ऑपरेशन करून फुगलेली नळी काढू. पण थांबू नका. अशी सूज एखाद्या वेळी जिवावर बेतते."

मास्तरांच्या कानात एकच शब्द अडकला. जन्मापासून.

"म्हणजे घराण्यातच खोट," घरी येऊन ते बायकोला म्हणाले. "थोरलीचं जमत आलेलं मोडेल, धाकटीलाही कुणी विचारणार नाही. पोटावर वीतभर व्रण असलेली मुलगी कोण करून घेईल? आधी लग्न. मग सासरचे बघतील."

"आणि तोवर?"

"तोवर झाकली मूठ."

रिपोर्ट घरच्या मशिनच्या खणात, बॉबिनांखाली गेला. मुलाच्या पोटावर असा व्रण असता, तर याच मास्तरांनी त्याची गोष्ट चारचौघांत तिखटमीठ लावून सांगितली असती. मला याचाच संताप येतो.

रविवारी पाहुणे आले. थोरलीला पहाटेपासून कळ होती. आईनं तिचे केस विंचरले. "थोडाच वेळ कळ सोस गं," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

थोरली पाहुण्यांपुढं पोटाशी हात धरून, पुढं वाकून बसली. मुलाची आई विरघळलीच.

"बघा, याला म्हणतात लाज! अजून मान वर केली नाही पोरीनं."

"वळणच तसं आहे आमच्या घरचं," मास्तर म्हणाले.

"मी लाजत नाहीये," थोरली म्हणाली. कपाळावर घाम डवरला होता. "दुखतंय मला."

"अगं, जरा पित्त झालंय—"

"पित्त नाही, बाबा. शिवण चुकलेला कपडा तुम्ही कधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलात? रात्रभर बसून उसवता, पुन्हा शिवता. मग मलाच का झाकून देताय?"

आई उठली. तिनं मशिनचा खण ओढला, बॉबिना जमिनीवर सांडल्या. रिपोर्ट घेऊन तिनं लेकीला हात दिला.

"पाहुणे, माफ करा. आम्हाला दवाखान्यात जायचंय."

लग्न मोडलं. ऑपरेशन झालं. मास्तर महिनाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. आता थोरलीच्या शेजारच्या मशिनवर गुपचूप बसतात. ती ताठ बसते. गिऱ्हाइकं म्हणतात, पोरीला जरा शिंगं फुटलीत.

तुमच्याही ओळखीत एखादी मुलगी मान खाली घालून शहाण्यासारखी बसत असेल. तिचं कौतुक करण्याआधी एकदा विचारा, बाळ, दुखतंय का कुठं?